जरा सरकून

“पण जागा नाही म्हणजे... अगदीच नाही, गुरुमाई?”

विश्वंभरने पुन्हा विचारलं. म्हाताऱ्या शुको गुरुमाई पुढे तुरुतुरु चालत होत्या. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा एवढासा मठ होता, आणि त्यात त्या आणि त्यांचे दोन शिष्य राहत.

“नाही म्हटलं ना! भूक लागलीय का ते सांग.”

विश्वंभर अलिबागहून जपानला आला होता. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची नोकरी सोडून, घरच्यांशी भांडून, ‘आता ज्ञान मिळवूनच येतो’ असं ठणकावून. मठात घेतलं नाही तर कुठल्या तोंडाने परत जायचं? जपानी त्याला छान यायचं. ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं म्हणा.

संध्याकाळ उतरत होती. गल्लीच्या टोकाला लाल कागदी कंदील टांगलेलं एक दुकान होतं. इझाकाया म्हणतात त्याला. आळीतली माणसं कामं आटोपली की इथे येतात, दोन घोट घेतात, चार घास खातात आणि गप्पा हाणत बसतात.

आत वाफ, धूर आणि पिवळा उजेड होता. एक लांब फळी, तिच्यापुढे एक लांब बाक, आणि बाक पार गच्च.

“झालं! इथेही जागा नाही,” विश्वंभर पुटपुटला.

बशा सरकल्या, पेले सरकले, ढुंगणं सरकली... आणि मधोमध दोघांपुरती फट पडली. दोघं बसले.

उकडलेल्या हिरव्या शेंगा आल्या. त्याला गावाकडची मडक्यातल्या शेंगांची पोपटी आठवली आणि उगाचच भरून आलं. वाफेत माणसांचे चेहरे विरत होते. कोण हसतंय, कोण बोलतंय, काही कळेना. सगळा बाकच हळूहळू कुठेतरी निघालाय, असं त्याला वाटत राहिलं.

मग त्याची जीभ सैल सुटली.

“गुरुमाई, ‘मी’ असं काही नसतंच. यावर माझा चांगला अभ्यास आहे. बघा, हा जो मी म्हणतो आपण...”

तेवढ्यात दार सरकलं. गमबूट घातलेला एक मासेवाला आत डोकावला.

दाराकडून बशा पुन्हा हलू लागल्या. सरकत सरकत धक्का विश्वंभरपर्यंत आला. शेजारच्या सुताराने हलकेच कोपर लावलं. पण ‘मी’ नसतो हे अजून पुरतं सांगून झालं नव्हतं ना! विश्वंभरने फळीवरचा हात तसाच रोवून धरला.

बाक थांबला.

“असू दे, असू दे. उद्या येतो,” मासेवाला वाकून म्हणाला.

गुरुमाई वाटी घेऊन उठल्या. “ये बाबा, इथे बस.”

मासेवाला संकोचत बसला. त्या भिंतीला टेकून उभ्यानेच खाऊ लागल्या... निवांत.

विश्वंभरचा चेहरा उतरला. “अहो, हे काय! तुम्ही माझ्या जागेवर बसा.”

“तुझ्या?” गुरुमाईंनी बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला. “कुठाय?”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी पुस्तकं वाचली आणि एक वीत सरकणं जमलं नाही!

त्याने बशी उचलली. मग अंग चोरून सुताराला खेटला. सुतार हसला, त्याच्या पलीकडचा हलला, त्याच्याही पलीकडचा हलला. मासेवाल्याच्या आणि त्याच्या मध्ये थोडीशी फट झाली. गुरुमाई तीत येऊन बसल्या. त्यांचा खांदा त्याच्या खांद्याला लागला, आणि विश्वंभरला तिथेच रडू फुटलं.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, अगदी हळू.

“मठात... खरंच जागा नाही?”

गुरुमाईंनी शेंग सोलली. दाणे त्याच्या बशीत टाकले.

“नाही रे... मी आले तेव्हाही नव्हती.”