सीमेवर वाचलेला ग्रंथ

एका राज्यात, आश्विन शुद्ध प्रतिपदेला, सकाळी दाट धुके होते आणि वारा अगदी पडला होता. त्या धुक्यातून सगुणा नावाची शिवणकाम करणारी बाई सीमेवर आली आणि आपल्या नवऱ्याचा चेहरा पदराने पुसू लागली. नवरा दगडाचा होता.

बहिरू चार वर्षांपूर्वी मीठ आणायला निघाला आणि सीमेपलीकडे पाऊल टाकताच जागच्या जागी शिळा झाला. अशा शिळा तिथे एकशे बेचाळीस होत्या. जुन्या शिळांचे चेहरे पावसाने धुऊन नेले होते, आणि चेहरा गेला की माणूस परत येत नाही हे सर्वांना ठाऊक होते. बहिरूच्या नाकाचा शेंडा या पावसाळ्यात गेला होता. सगुणाने बोट फिरवून पाहिले. पुढच्या पावसाळ्यात काही उरणार नव्हते.

ही शिळांची हकीकत अशी. तीनशे वर्षांपूर्वीच्या राजाने राज्य तीन सरदारांना वाटून दिले, आणि सनद म्हणून कालभद्र नावाच्या मायावी पंडिताच्या एकाच ग्रंथाचे तीन भाग करून तिघांना दिले. जमीन सरदाराची, जमिनीवरची माणसेही सरदाराची. पुढे सरदारांनी आपापला भाग बासनात बांधून देवघरात ठेवला आणि वाचणे सोडून त्याला हळदकुंकू वाहू लागले. तेव्हा कालभद्र म्हणाला, "माझा ग्रंथ मुका असेल तोवर तुमच्या जमिनीला बांधलेले माणूस सीमा ओलांडताच दगड होईल. तिन्ही भाग एका आवाजात वाचले जातील, तेव्हा शाप सुटेल." एवढे बोलून तो धुके झाला. तेव्हापासून आश्विनात रोज सकाळी तो सीमेवर उतरत असे. वाचणारे मात्र राज्यात कोणी उरले नव्हते.

सगुणा पूर्वेच्या सरदारांच्या ग्रंथासाठी बासन शिवी. दर प्रतिपदेला तिने जुने बासन सोडून नवे बांधायचे, तेही डोळ्यांवर पट्टी ठेवून. ग्रंथ पाहील त्याचे डोळे जातात अशी समजूत होती. पण तिच्या खिडकीशी कालभद्राच्या पाठशाळेत वाढलेली, तीनशे वर्षांची साळुंकी येत असे. तिने सगुणाला चार वर्षांत अक्षरे शिकवली. सगुणा ती बासनाच्या काठावर टाके घालून गिरवी. सरदारांना ती वेलबुट्टी वाटे, आणि ते तिची तारीफ करीत.

त्या प्रतिपदेला सगुणाने पट्टी सैल बांधली आणि पहिला भाग वाचला. डोळ्यांना काही झाले नाही. अकराव्या पानावर लिहिले होते की, जो सरदाराच्या मातीवर उभा आहे, तो सरदाराच्या सीमेत आहे. घरी येऊन तिने दोन पिशव्या शिवल्या, शेतातली माती त्यांत भरली आणि तळपायांना बांधल्या.

साळुंकी म्हणाली, "बदकासारखी चालतेस."

"दगडासारखी उभी राहण्यापेक्षा बरे," सगुणा म्हणाली, आणि तिने सीमा ओलांडली.

तिसऱ्या दिवशी ती डोंगरच्या सरदारांच्या गढीत पोचली. तिथल्या ग्रंथाला मुंग्या लागल्या होत्या, म्हणून नवे बासन घेऊन आलेल्या बाईला कोणी अडवले नाही. सरदार म्हणाले, "आमचा ग्रंथ उघडत नाही. ती त्याची थोरवी आहे."

"तीनशे वर्षांचे तूप आणि कुंकू आहे, सरदार. थोरवीचे नंतर पाहू."

गवती चहाचे तेल लावून, एकेका पानाखाली रेशमाचा दोरा सारून, तिने तीन दिवसांत तेहतीस पाने सुटी केली. सरदारांनी पहिल्यांदाच अक्षरे पाहिली. ती बासनाच्या काठासारखीच आहेत, असे ते हळूच म्हणाले.

सहाव्या दिवशी ती नदीकाठच्या सरदारांकडे गेली. ते फार वृद्ध होते. "आत पाहू नको, बाई," ते म्हणाले. पण तिने बासन सोडले. आत वाळवीची माती होती.

"आमच्या आजोबांच्या वेळीच तो संपला," सरदार म्हणाले. "मी जन्मभर यालाच नमस्कार करत आलो. तू बोललीस तर आमची सनद गेली."

"मी बोलणार नाही. कोरी पाने द्या आणि शाई द्या. दसऱ्याला हे बासन मला उघडू द्या."

तेव्हा तिच्या मागोमाग उडत आलेली साळुंकी बासनाच्या गाठीवर बसली. "तुला ठाऊकच आहे, तिसरा भाग मला पाठ आहे. अर्थ मला कधी कळला नाही. पण एकदा सांगितलेला शब्द मी कायमची विसरेन. नीट लिही."

तीन दिवस साळुंकी सांगत होती आणि सगुणा लिहीत होती. जसजशी पाने भरत गेली, तसतशी साळुंकी आधी पाठशाळा विसरली, मग खिडकी. शेवटच्या पानाशी ती थांबली.

"तुझे नाव काय, बाई?"

"सगुणा."

"छान आहे," साळुंकी म्हणाली, आणि उरलेली ओळ सांगितली.

दसऱ्याला राजा करणदेव सीमोल्लंघनाला आला. शिळांपाशी तिन्ही जमिनींच्या सीमा मिळत होत्या; तिथे तिन्ही सरदार आपापली बासने पालखीत घेऊन जमले. धुके अजून उतरलेलेच होते. वृद्ध सरदार पुढे होऊन म्हणाले, "महाराज, माझे बासन ही बाई उघडेल."

"माझेही," डोंगरचे सरदार म्हणाले.

पूर्वेचे सरदार रागावले. "ती माझ्या जमिनीवरची बाई आहे. बासन उघडून पाहणाऱ्याचे डोळे जातात."

"मी तीन बासने उघडून पाहिली आहेत, सरदार," सगुणा म्हणाली. "आपल्या पागोट्याचा डावीकडचा पेच सुटला आहे."

सरदारांचा हात पागोट्याकडे गेला. पेच सुटलेला होता.

राजा म्हणाला, "वाच."

सगुणाने सूर्य डोक्यावर येईपर्यंत वाचले. नदीला बांध कसा घालावा, तारे पाहून पेरणी केव्हा करावी, ज्वर कोणत्या मुळीने उतरतो, हे सारे त्यात होते, आणि ते ऐकायला लोक आपापल्या सीमेच्या कडेपर्यंत सरकत राहिले. साळुंकीने सांगितलेली शेवटची ओळ अशी होती: 'ज्यांना हा ग्रंथ दिला, त्यांनी तो दर दसऱ्याला लोकांना वाचून दाखवावा. जे वाचणार नाहीत, त्यांची माणसे त्यांची नव्हेत.'

धुके उठले. बहिरूने हात हलवला, नाक चाचपले आणि विचारले, "मीठ राहिलेच का आणायचे?"

"राहिले," सगुणा म्हणाली. तिने वाकून पायांच्या पिशव्या सोडल्या आणि माती तिथेच ओतली. "चला, दोघे जाऊ."

एकशे बेचाळीस शिळांपैकी एकसष्ट माणसे झाली. एक्याऐंशी तशाच उभ्या आहेत. राजाने त्याच दिवशी तिन्ही जमिनींवरच्या माणसांना मोकळे केले आणि तिन्ही भाग एकत्र शिवून पाठशाळेत ठेवण्याचा हुकूम दिला. शिवण सगुणाने घातली. साळुंकी पुन्हा बोलली नाही. मीठ द्वादशीला घरी आले.