सुटणारा जोड

"आता सांगा आप्पा, हलतोय का कुठं जोड?"

हेर्लेकर बाईंनी टीपॉयचा पाय गच्च धरून हिसडा दिला. सूर असा, की समोर सातवीचा वर्ग बसलाय आणि आज कुणाची तरी खैर नाही.

 रामाप्पा सुतार आपल्या स्टुलावर बसून चष्म्याची दोरी कानामागं गुंडाळत होते.

बाई गडहिंग्लजला मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातलं जुनं लाकूडसामान स्वतःच्या हातानं दुरुस्त करायचा ध्यास घेतला. दोन वर्षं दर रविवारी त्या आप्पांच्या पत्र्याच्या शेडमध्ये येत. येत शिकायला, पण शिकवायची सवय काही सुटली नव्हती.

आज रविवार नव्हता.

आज सकाळी फोन आला होता. चार वर्षांनी.

"आई, अस्मिता बोलतेय. मैत्रिणीच्या लग्नाला गावात आलेय. चारच्या गाडीनं पुण्याला परत... घरी येऊन जाऊ का?"

"मी कामात आहे," म्हणून बाईंनी फोन ठेवला. मग काम शोधलं. हा टीपॉय रिक्षात घातला आणि थेट इथं आल्या.

टीपॉय म्हणजे मूळचं अस्मिताचं अभ्यासाचं टेबल. पोरीनं डॉक्टरकी तिसऱ्या वर्षाला सोडली आणि पुण्यात खानावळ काढली. तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "या घरात परत पाऊल टाकायचं नाही." बाईंचा शब्द म्हणजे शब्द, हे अख्ख्या गावाला माहीत. टेबल चार वर्षं धूळ खात पडलं. गेल्या आठवड्यात बाईंनी ते खोललं, पाय कापून आखूड केले आणि नव्यानं बसवले.

"कशानं चिकटवलंय?" आप्पांनी विचारलं.

बाईंनी दुकानातून आणलेल्या डिंकाचं नाव सांगितलं. "दोन नळ्या एकत्र कालवायच्या. एकदा बसलं की जन्मात सुटत नाही. तुमचा तो कातडी उकळून केलेला सरस कसला, वासच नको."

"झ्याक," आप्पा म्हणाले. मग टीपॉयवर एक बोट ठेवून दाबलं. टीपॉय डुगडुगला.

"ह्यो एक पाय वाईच तिरका बसलाय, बाई."

बाईंचा चेहरा उतरला. पण क्षणभरच.

"मग काय झालं? काढून परत सरळ बसवू."

"काढा की."

बाईंनी लाकडी हातोडी घेतली. आधी हलके मारलं, मग जरा जोरात. पाय तसूभर हलला नाही. बाई मुळात हट्टी. त्यांनी पदर खोचला आणि एक घाव असा घातला, की शेडमधल्या चिमण्या उडाल्या.

काड्‌...

पाय निघाला. पण वरच्या फळीचा वीतभर तुकडा सोबत घेऊन निघाला.

"पण जोड सुटला नाही," बाई धापा टाकत म्हणाल्या.

"न्हाई सुटला," आप्पा म्हणाले. "लाकूड फाटलं."

बाईंनी त्या फाटलेल्या जागेवर हात ठेवला. तिथं लाकूड आतून पिवळं होतं, कालच कापल्यासारखं. याच फळीवर डोकं ठेवून पोरगी वह्यांवर झोपून जायची. बाईंना एकदम भडभडून आलं. त्यांनी ते दाबलं.

आप्पा उठले. ज्या स्टुलावर बसले होते तेच त्यांनी उलटं केलं. चुलीवरच्या पातेल्यातल्या आधणात फडका भिजवला, पिळला आणि स्टुलाच्या एका पायाभोवती, सरसाच्या जोडावर गुंडाळला.

मग नुसतेच बसून राहिले.

फडका निवला की परत भिजवायचा. परत गुंडाळायचा. एकदा... दोनदा... चारदा. हातोडीला आप्पांनी हातही लावला नाही.

बाईंनी घड्याळात पाहिलं. तीनला दहा कमी.

पाचव्यांदा आप्पांनी फडका काढला, पाय दोन बोटांनी धरला आणि जरासा फिरवला. पाय अलगद हातात आला. ना ओरखडा, ना टवका.

बाई बघतच राहिल्या. पण हार मानतील तर त्या हेर्लेकर बाई कसल्या!

"म्हणजे कच्चाच की हा जोड!"

"चाळीस वर्सं बसतोय मी ह्याच्यावर, बाई."

...

बाईंनी स्टुलाच्या सुटलेल्या जोडावरून बोट फिरवलं.

"तुम्ही हे मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?" बाईंनी विचारलं. आवाजात आता वर्ग नव्हता.

"सांगितलं हुतं. तुमी म्हनाला, सरसाला वास येतो."

बाईंना हसू आलं, आणि हसताहसता डोळे भरून आले. या खेपेला त्यांनी ते दाबलं नाही.

"अस्मिता आलीय," त्या म्हणाल्या. "घरी येऊ का, म्हणून विचारत होती... मी फोन ठेवला. चारला गाडी आहे तिची."

आप्पांनी मान हलवली. फडका पिळून दांडीवर टाकला.

"पण आप्पा, मी गेले तर लोक म्हणतील, बाईंनी शब्द फिरवला. चूक तर तिची होती. निदान एकदा तिनं..."

वाक्य पुरं झालं नाही. त्यांची नजर त्या फाटलेल्या फळीवर गेली होती.

मग त्यांनी पर्स उचलली. दारापर्यंत गेल्या. तिथं पाय अडखळला. चार वर्षांनी लेकीसमोर उभं राहून पहिलं काय बोलायचं, हे आयुष्यभर भाषणं केलेल्या बाईंना सुचेना. त्या मागं वळल्या.

आप्पा खाली भुशावर बसले होते. शेजारी तीन पायांचं स्टूल, मांडीवर चौथा पाय.

"असं कसं तुम्हाला जमिनीवर बसवून जाऊ?" बाईंनी लगबगीनं पर्स खाली ठेवली. "सरस तापवा. आधी तुमचं स्टूल जोडून देते, मग जाते."

आप्पांनी चष्मा काढला.

"स्टुलाला काय घाई न्हाई, बाई."