चौथ्या भिंतीचा सटवा

फार वर्षांपूर्वी वाघखिंडीच्या पायथ्याशी तीन गावं होती: शेतवड, करंजखोल आणि आंबेरी. सुगी आली रे आली की खिंडीतून घोड्यांवर लुटारू उतरायचे आणि खळ्यावरचं धान्य उचलून न्यायचे. शेवटी तिन्ही गावांनी देवळात बेल-भंडारा उचलला. खिंडीत बुरूज बांधायचा आणि शिंग वाजलं की तिन्ही गावांनी धावायचं. राखणीला सटवा जागल्या नेमला, आणि त्याची भाकरी आळीपाळीने धाडायचं ठरलं.

बुरूज मात्र ज्याने त्याने आपल्यापुरताच बांधला. प्रत्येक गावाने आपल्याकडची भिंत उभारली आणि कुणाची उंच यावरून वर भांडणंही केली. खिंडीकडची बाजू, जिथून लुटारू येणार, ती उघडीच राहिली. आता या शहाण्यांना काय म्हणावं?

सटवाने तिन्ही पाटलांना विचारलं, "चौथी बाजू कुनाची?"

"आमची न्हाई. आमचा वाटा आमी दिलाय," तिघेही म्हणाले.

"बरं. मग तवर माझी," सटवा म्हणाला.

त्या सुगीला भर दुपारी खिंडीत धुरळा उठला. सटवाने शिंग फुंकलं आणि भाला घेऊन तो उघड्या बाजूला उभा राहिला. खाली प्रत्येक गाव म्हणालं, बाकीची दोन जातील की. कुणी हललं नाही. सटवाला भीती वाटलीच, पण तिन्ही गावांची भाकरी तो खात होता. अंगावर घाव झेलत तो शिंग फुंकत राहिला.

असं म्हणतात, की त्या आवाजाने दावणीची जनावरं दावी तोडून खिंडीकडे पळाली आणि आपापली जनावरं धरायला माणसं मागे धावली. एवढी धूळ बघून लुटारू उलटे फिरले.

सटवा उभाच होता. श्वास थांबला होता, तरी शिंग वाजत होतं, असं म्हणतात. एकेका गावाने उचलून पाहिलं, पण तो हलला नाही. तिन्ही गावांचे हात एकदम लागले तेव्हा तो फुलासारखा हलका झाला. माणसं तिथेच रडली. मग सगळ्यांनी मिळून चौथी भिंत बांधली.

आजही सुगीच्या आधी तिन्ही गावं त्या भिंतीला दगड वाहतात. तिन्ही गावांच्या भाकरी तिथे एकत्र कुस्करतात, कुठली कुणाची ते कळू नये म्हणून. मग जाणता म्हातारा विचारतो, "चौथी बाजू कुनाची?"

"आमची," असं तिन्ही गावं एकदम म्हणत नाहीत, तोवर कुणाच्याच खळ्यावर मळणी सुरू होत नाही.