रंभाजीच्या सतरा शेळ्या

आंबेदरी गावात देवळं दोन आहेत, पण श्रीवाकळ महाराजांनी मुक्कामाला जागा निवडली ती दवाखान्याच्या फाटकासमोरची. तिथे एक कडुनिंब, निंबाला पार, आणि पारावर उन्हापावसात एकच वाकळ पांघरून बसलेले महाराज. दोन्ही देवळांचे पुजारी एकदा रुसून विचारते झाले, "महाराज, आमच्याकडे काय कमी आहे?" महाराज म्हणाले, "तुमच्याकडे माणूस उभा येतो, इथे आडवा येतो. आडव्या माणसाला वरचं जास्त दिसतं." पुजाऱ्यांनी घरी जाऊन आडवं पडून पाहिलं. त्यांना माळा दिसला. अधिकार लागतो, भाविकहो!

या दवाखान्यात तुळशीराम गायधनी नावाचा ड्रेसर होता. जखमा धुवायच्या आणि पट्ट्या बांधायच्या, एवढंच त्याचं काम. कामावर जाण्याआधी तो पाराला डोकं टेकायचा. एकदा त्याने हात जोडून विचारलं, "महाराज, माझ्या हातात सदा कापूस नाहीतर चिमटा. माळ कधी ओढू? मी सेवा तरी कोणती करू?"

महाराज म्हणाले, "तुळशा, पट्टी बांधण्याआधी विचारत जा, 'पडलास तेव्हा किती घेतली होतीस?' येईल ते उत्तर ऐकून घे. रागावू नकोस. जखम उघडी असते तोवर माणूसही उघडा असतो. एकदा पट्टी बसली की दोन्ही झाकतात."

ऐकायला हे सोपं वाटतं. पण आंबेदरीचा रिवाज असा, की दवाखान्याच्या कागदावर सगळे पाय घसरूनच पडत. भर वैशाखात, गावाला पाणी टँकरने येत असताना, माणसं ओल्यावरून घसरत. एक गृहस्थ तर बसल्या खाटेवरून घसरून तीन बरगड्या मोडून आले होते. याला कारण होते मोठे डॉक्टर, यशोधन घारपुरे. घेतली होती असं कुणी कबूल केलं, की ते त्याला सगळ्या वॉर्डासमोर सोलून काढत. म्हणून बायका नवऱ्याला फाटकातून आत आणतानाच ओरडत, "घसरले हो, घसरले!"

डॉक्टरांचा हात मात्र असा, की मोडलेल्या हाडाने लाजून आपणहून जुळावं. विद्या मोठी आणि गर्वही तिच्याच मापाचा. तुळशीरामाचं विचारणं त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा राउंडला ते सर्वांदेखत म्हणाले, "काय रे तुळशीराम, कापूस संपला म्हणून जखमेत कीर्तन भरतोस का?" सगळा वॉर्ड हसला. ज्यांचे जबडे तारेने बांधलेले होते, ते नाकाने हसले. तुळशीरामाने खाली मान घातली आणि पुढच्या रुग्णाची पट्टी सोडली.

अशात रंभाजी खैरनार मांडीचं हाड मोडून आला. विटांच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर. आधी मनगट झालं होतं, मग खांदा, ही तिसरी खेप. दवाखान्यातले वजनाचे गोळे दुसऱ्याच्या पायाला लागलेले, म्हणून रंभाजीचा पाय ताणून धरायला दोरीला विटा टांगल्या. रंभाजीने त्या निरखून पाहिल्या. "आमच्याच भट्टीच्या आहेत," तो म्हणाला. "कच्च्या निघतात. जरा बघून टांगा."

बायको शेवंताने रिवाजाप्रमाणे सांगितलं, "घसरले." कागदावर तेच चढलं. पण कोपराची जखम धुताना तुळशीरामाने हळूच विचारलं आणि मग गप्प राहिला. बराच वेळ गेला. शेवटी रंभाजी म्हणाला, "दोन बाटल्या. रोजच्याच."

"रंभाभाऊ, हे डॉक्टरांना कळायला हवं. रोजची एकदम तुटली की तिसऱ्या दिवशी माणसाचं काय होतं, ते मी इथे पाहिलंय. सांगू का?"

"सांग बाबा. सोलतील. पण पळणार कुठे, विटा बांधल्यात."

तुळशीराम गेला. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "कागदावर काय लिहिलंय?"

"घसरला, साहेब. पण..."

"मग घसरला. मी कागद वाचतो, गप्पा नाही. आणि एक ऐक. ती मांडी जागची हलली तर पाय कापावा लागेल, तेव्हा त्याच्याजवळ जाऊन त्याला रडवू नकोस. तुझ्या त्या विचारण्याने या माणसाचं काही भलं झालं, तर मी स्वतः तुझ्या महाराजांपुढे डोकं ठेवीन. नाही झालं, तर पुढच्या महिन्यापासून तू धुलाईच्या खोलीत चादरींच्या घड्या घालायच्या."

तिसऱ्या दिवशी दुपारी रंभाजीचे हात थरथरू लागले. अंगाला दरदरून घाम. डोळे खाटेच्या कडेवर खिळले आणि तो किंचाळला, "शेळ्या! शेळ्या शिरल्या! दोरी खातायत, हाणा त्यांना!" तो उठून बसायला धडपडू लागला. विटा खाटेच्या दांड्यावर आपटू लागल्या. तुळशीरामाने धावत येऊन तो पाय दोन्ही हातांनी छातीशी धरला. कुणी म्हणालं बाधा आहे, कुणी म्हणालं लिंबू आणा. डॉक्टर दारात आले आणि म्हणाले, "हात बांधा त्याचे. नाटकं!"

तुळशीरामाला पाय सोडता येईना. त्याने डोळे मिटले. "महाराज, माझे दोन्ही हात अडकलेत. आज पारापर्यंत यायलाही जमत नाही. तुम्हीच या."

भेटीची वेळ सुरू व्हायला अजून तासभर होता. फाटकावरचा पहारेकरी असा खाष्ट, की आमदारांनाही त्याने एकदा फाटकाबाहेर थांबवलं होतं. महाराज त्याच्यापाशी आले आणि वाकळीतून पास काढून दाखवला. पासावर सही डॉ. घारपुऱ्यांची होती. डॉक्टरांनी ती केव्हा केली, हे आजवर डॉक्टरांनाही सांगता आलेलं नाही!

महाराज खाटेपाशी आले. शेळ्या नाहीत, असं ते म्हणाले नाहीत. इकडेतिकडे पाहून म्हणाले, "अरेरे! किती आहेत रे?"

"सतरा!" रंभाजी रडत म्हणाला.

"बरं. पाय तुझा, तो तू सांभाळ. शेळ्या माझ्याकडे."

महाराजांनी वाकळ खोचली, सलाईनचा रिकामा स्टँड काठीसारखा घेतला आणि खाटांखाली वाकून हाकू लागले, "हुर्र... हुर्र... चला..."

"महाराज, ती ठिपक्यांची बांडी! कपाटामागे!"

"बघितली. खोडकर आहे."

बाकीच्या रुग्णांनी वाट दिली. ज्यांना उचलता येत होते, त्यांनी पाय वर घेतले. रंभाजी निपचित पडून बोटाने दाखवू लागला, आणि मांडी स्थिर राहिली. डॉक्टर मात्र दारात हाताची घडी घालून उभे. "वा! आता जनावरांचेही केसपेपर काढायचे?"

महाराज नम्रपणे म्हणाले, "डॉक्टर, जरा बाजूला व्हा. दार अडलंय."

"मुळीच नाही."

तेवढ्यात डॉक्टरांच्या गुडघ्याला काहीतरी धडकलं. उबदार होतं, केसाळ होतं, आणि दिसत नव्हतं. मग दुसरं धडकलं. डॉक्टर शिकलेले, त्यामुळे ते मोजत राहिले. चौदाव्याला ते जमिनीवर बसले. उरलेल्या तिघी त्यांच्या मांडीवरून गेल्या, आणि जाता जाता शेवटचीने त्यांच्या पांढऱ्या कोटाचं टोक चावून खाल्लं!

बाहेर व्हरांड्यात ताज्या लेंड्या. सफाईच्या कोंडाबाईंनी कमरेला हात लावून जाहीर केलं, "माणसांचं मी काढते. शेळ्यांचं माझ्या कामात बसत नाही."

महाराज शेवंताजवळ गेले. "पोरी, घसरला ना तुझा नवरा?"

शेवंताने पदर तोंडाला लावला. "नाही, महाराज. प्यायले होते. रोजच पितात. इथे आल्यापासून थेंब नाही. खरं बोलले तर औषध देणार नाहीत, असं वाटलं मला."

महाराज डॉक्टरांकडे वळले. "शेळ्या हाकलणं माझं काम होतं, ते झालं. पण त्या परत येतील. त्यांना रोखणारी सुई तुमच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. रोजची तुटल्यावर अंग असं पेटतं, हे तुमच्याच पुस्तकात आहे. पान सांगू?"

"नको," डॉक्टर म्हणाले. त्यांना पान आठवलं होतं. ते उठले, आणि तीन दिवसांपूर्वी द्यायला हवं होतं ते औषध त्यांनी स्वतःच्या हाताने दिलं, रंभाजीला झोप लागेपर्यंत नाडी धरून बसले. एक्स-रे काढला. हाड केसभरही सरकलं नव्हतं. धन्य ते महाराज, आणि पाय न सोडणारा तो तुळशीरामही धन्य!

दोन दिवसांनी रंभाजी शुद्धीवर आला. त्या सकाळी डॉक्टर घारपुरे बूट हातात घेऊन पारावर गेले आणि वाकले. महाराजांनी झटकन पाय वाकळीत ओढून घेतले.

"इथे वाकून उपयोग नाही. मी मोठ्याने बोलतो. जो हळू बोलतो, त्याच्यापाशी वाका."

डॉक्टर तसेच अनवाणी वॉर्डात आले. "तुळशीराम," ते खाकरून म्हणाले, "कसं विचारतोस रे तू?"

"काही नाही, साहेब. आधी खाली यायचं. मग विचारायचं. मग गप्प राहायचं. ते शेवटचं जरा जड जातं."

वॉर्डात स्टूल नव्हतं. डॉक्टर खाटेशेजारी गुडघ्यांवर बसले, रंभाजीच्या तोंडापाशी कान नेला आणि म्हणाले, "रंभाजीराव, पडलात तेव्हा किती घेतली होती?"

रंभाजीने डोळे गच्च मिटून वाट पाहिली. ओरडणं आलं नाही. त्याने एक डोळा उघडला. "सोलणार नाही, साहेब?"

"नाही."

"भट्टीवरून उतरलो की अंग ठणकतं, म्हणून पहिली बाटली. ती घेतल्यावर माझ्या पोरी जवळ येत नाहीत, त्याचं वाईट वाटतं, म्हणून दुसरी."

डॉक्टर गप्प राहिले. त्यांना फार जड गेलं, पण राहिले. मग म्हणाले, "पहिली टाळायची, तर काय लागेल?"

हे रंभाजीला उभ्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं. तो विचारात पडला. "अंगदुखीवर काही द्या. आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला कुणी असं विचारलं ना, साहेब, नुसतं विचारलं... तर बहुतेक दिवस निभेल. सगळे नाही निभणार. खोटं कशाला बोलू?"

"सहाला मी फोन करीन," डॉक्टर म्हणाले. "निभला नाही, तर तसंही सांगा. तेव्हाही सोलणार नाही."

रंभाजीच्या डोळ्यांना धार लागली. हात उचलवेना, म्हणून त्याने नुसती बोटं हलवली. डॉक्टरांनी ती आपल्या हातात घेतली, आणि ज्या माणसाने आंबेदरीत कधी देवालाही मान तुकवली नव्हती, त्याने खाटेच्या लोखंडी कडेवर, त्या बोटांवर, कपाळ टेकलं.