माळ्याने बांधलेला हात

एका गावात एक माळी होता. गाव कुठलं म्हणाल, तर जिथे आंबा गोड आणि माणसं हट्टी, तिथलंच कुठलं तरी. माळ्याचं नाव धाकू. भेटकलम बांधावं तर धाकूनेच, असं पंचक्रोशीत म्हणत.

भेटकलम म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढे सगळा घोटाळा व्हायचा. कुंडीतलं आंब्याचं रोप उचलून चांगल्या झाडाच्या फांदीपाशी न्यायचं. दोघांची साल थोडी थोडी तासायची, जखमेला जखम लावायची, वरून केळीच्या सोपटाने घट्ट बांधायचं आणि शेणमातीने लिंपून टाकायचं. मग दोन महिने हात म्हणून लावायचा नाही. उतावळी माणसं मध्येच सोडून बघतात आणि कलम मरतं. धाकूने आयुष्यात एकदाही मध्ये सोडून बघितलं नव्हतं. दोन महिन्यांनी सांधा फुगलेला दिसला की तो टाळी वाजवून म्हणायचा, "धरलं!" आणि खरोखर धरलेलं असायचं.

आता साल तासायची तर रोप धरायला दुसरं माणूस लागतं. ते माणूस म्हणजे त्याची बायको, आवडी. तीस वर्षं ती धरत होती आणि तो तासत होता. पोटी मूलबाळ नव्हतं, तेव्हा सगळी माया एकमेकांवरच. बायकोला तो तळहाताच्या फोडासारखं जपायचा. लोक हसायचे. हसोत बापडे!

त्या वर्षी श्रावण लागला होता. फांदी ओली होती, सुरी सटकली आणि थेट आवडीच्या उजव्या तळहातात, अंगठ्याच्या खाली, खोल गेली.

"अगं आई गं!" आवडी कळवळली. हातातली कुंडी मात्र तिने सोडली नाही, कारण रोप मोडलं असतं.

धाकूच्या तोंडचं पाणी पळालं. "टाक ती कुंडी! खड्ड्यात गेलं रोप!" म्हणत त्याने तिचा हात दोन्ही हातांत घट्ट दाबून धरला. रक्त थांबलं तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. मग त्याला जे येत होतं ते त्याने केलं. कडा जुळवून धरल्या, वर शेणमाती लिंपली, तिच्याच मऊ जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली आणि सोपटाने आवळून गाठ मारली.

"अहो, आधी धुऊन तरी घेऊ का?" आवडी म्हणाली.

"धुवायचं कशाला? ओल धरेल. जखमेला जखम जोडायची माझ्याइतकी कोणाला कळते गं? आता एकवीस दिवस सोडायचं नाही. झाडाला दोन महिने लागतात, तू माणूस आहेस म्हणून एकवीस."

आवडीला एवढ्या दुखण्यातही हसू आलं. बघा, असा हा माणूस!

पुढे त्याने तिला काडी उचलू दिली नाही. चूल त्याने पेटवली, पाणी त्याने भरलं. घास करून तिला भरवायचा. वेणी घालायला बसला की दोन पेड हाताला लागायचे, तिसरा कुठे जायचा देव जाणे. आवडी डोक्याला हात लावून बघायची आणि "छान झालीय हो," म्हणायची.

पहिले दोन दिवस हात ठणकला. तो ठणकायचाच. कापलं की दोन-तीन दिवस जरा दुखतं, कडेला लाल होतं, थोडी सूज येते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण तिथून पुढे दुखणं उतरणीला लागायला हवं. आवडीचं चौथ्या दिवशी चढणीला लागलं. आतून टक टक टक टक, जसं कोणी दार ठोठावतंय.

"दुखतंय का गं?" धाकू रोज विचारायचा.

"छे! काही नाही," आवडी रोज सांगायची. त्याने इतक्या मायेने बांधलेलं, त्याला वाईट वाटायला नको म्हणून. बायकांना ही एक वाईट खोड असते. स्वतःचं दुखणं सांगायची लाज, जशी काही चोरीच केलीय!

पाचव्या दिवशी धाकूने पट्टीवर हात ठेवला. हात तापलेला. पट्टीबाहेरची बोटं टरटरून सुजलेली. आणि या शहाण्याला काय वाटावं? त्याचा चेहरा उजळला! "आवडे, सांधा फुगला! ऊब धरली! पाचव्या दिवशीच धरलं बघ!" आणि त्याने शेजारीपाजारी गूळ वाटला. ज्याला जे येतं, त्याच डोळ्यांनी तो जग बघतो, दुसरं काय!

त्या संध्याकाळी आवडीला हुडहुडी भरली. धाकूने दोन घोंगड्या घातल्या. "श्रावणातली हवाच तशी," तो म्हणाला. पण मनात कुठेतरी पाल चुकचुकली. पट्टीला वास येत होता. ओल्या शेणाचाच असेल, असं त्याने मनाला समजावलं आणि तो अंगणात जाऊन उगाचच कुंड्या सरकवत बसला. सोडून बघावं असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण सोडलं आणि बिघडलं तर? तीस वर्षं पाळलेला नियम आवडीच्याच हातावर कसा मोडायचा?

सहाव्या दिवशी दारात आवाज आला, "बांगड्या घ्या गं, बांगड्या!"

ही चंपूबाई कासारीण. दर श्रावणात यायची. तोंडाने फटकळ, पण हाताने अशी हलकी की बांगडी कधी चढली ते कळायचंही नाही. तिने आवडीचा डावा हात भरला. "आता उजवा आणा, वहिनी."

आवडीने उजवा हात पदराखाली ओढला. "राहू दे. पुढच्या खेपेला."

"एकाच हातात कोणी बांगड्या भरतं का? इकडे आणा!" चंपूबाईने हात पुढे ओढून घेतला. तिने बोटं चाचपली. मनगट हुंगलं. कपाळाला हात लावला.

"वहिनी, खरं सांगा. पहिल्या दिवशी जास्त दुखत होतं, की आज?"

आवडीने धाकूकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "आज," ती म्हणाली. "रोज कालच्यापेक्षा जास्त."

धाकू तिच्याजवळ आला. "तू तर रोज म्हणायचीस, काही नाही!"

"तुम्ही गूळ वाटलात हो," आवडी रडकुंडीला येऊन म्हणाली. "मी कोणत्या तोंडाने सांगू?"

"भाऊजी, पट्टी सोडा," चंपूबाई म्हणाली.

"मध्येच उघडलं की मरतं, चंपूबाई."

"झाड मरत असेल! मी वर्षाला हजार बायकांचे हात धरते. बऱ्या होणाऱ्या हाताची सूज उतरत जाते आणि बांगडी दिवसागणिक सैल पडते. हा हात फुगत चाललाय, त्यात ताप. आणि हे बघा!" तिने आवडीचा दंडापर्यंतचा हात उजेडात धरला. पट्टीखालून एक लाल रेघ निघाली होती आणि मनगट ओलांडून कोपराकडे चढत होती.

धाकूने ती रेघ पाहिली. सकाळी अंघोळीचं पाणी घालताना ती त्याने पाहिलीच होती, आणि पट्टीचा वळ असेल म्हणून सोडून दिली होती. आता त्याला ते आठवलं. हजार कलमं वाचवून हिचा हात गेला, तर काय करायचीत ती कलमं?

त्याने सुरी घेतली. सोपट कापलं. पट्टी निघाली आणि आतून घट्ट हिरवट पिवळा पू वाहू लागला. घाणेरडा वास आला. कडा जुळल्या नव्हत्याच, लालभडक होऊन वर उचलल्या होत्या.

"आवडे, हे मी केलं गं," धाकू म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला.

"रडायला मागाहून वेळ मिळेल, आधी बैल जुंपा!" चंपूबाई ओरडली.

नदीपलीकडच्या गावात एक म्हातारे वैद्य होते. त्यांनी पाणी उकळून घेतलं, पू काढला, शेणमातीचा कण न् कण धुऊन काढला. आवडी ओरडत होती आणि धाकू तिचं डोकं छातीशी धरून बसला होता. मग वैद्यांनी औषध दिलं आणि धाकूला असं काही झापलं की बाहेरचे बैलही कान टवकारून उभे राहिले.

"शेणमाती झाडाला लाव! माणसाच्या उघड्या मांसात शेण भरणं म्हणजे हाताने विष पेरणं. दोन दिवस आणखी थांबला असतास तर हात तर गेलाच असता, बाईही राहिली नसती!"

धाकूने हात जोडले. "चुकलो, वैद्यबुवा. आता काय करू ते सांगा."

"रोज सोडायचं," वैद्य म्हणाले. "आधी स्वतःचे हात धुवायचे, मग सोडायचं, धुवायचं आणि नीट बघायचं. लाली आक्रसतेय की पसरतेय, पाणी पातळ येतंय की पू, वास येतोय का, अंगात ताप आहे का. आणि हिला विचारायचं, कालच्यापेक्षा जास्त की कमी. यातलं एक जरी बिनसलं तरी माझ्याकडे यायचं. उद्या नाही, लगेच."

वैद्यांनी दोघांना आठवडाभर ठेवून घेतलं आणि मग घरी पाठवलं. धाकू रोज सकाळी उजेडात बसून पट्टी सोडायचा. लाली नाण्याएवढी झाली, मग त्याहून लहान. पू थांबला. कडेने गुलाबी कोवळी कातडी आत सरकू लागली आणि वर खपली धरली.

एके दिवशी आवडी म्हणाली, "अहो, फार खाजतंय."

झालं! दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. धाकू अनवाणीच धावत नदीपार गेला. वैद्य हसत सुटले. "अरे, कातडी जुळून येताना थोडी खाज सुटतेच. लाली नाही, ताप नाही, पू नाही ना? मग जा घरी. खाजवू मात्र देऊ नको."

हात वाचला. पण पुरता नाही. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट कायमचं आखडलं. कुंडी आता तिला धरता येईना.

ज्या दिवशी हे दोघांना कळलं, त्या दिवशी धाकू तिचा हात मांडीवर घेऊन बसला. "माझ्या हट्टापायी झालं," तो म्हणाला.

"निम्मं तुमच्या हट्टापायी," आवडी म्हणाली. "निम्मं मी तोंड शिवून बसले म्हणून."

धाकूने हळूच तिची बोटं चोळली. "आता दुखतंय का गं?"

आवडीच्या ओठावर जुनं उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं.

"हो," ती म्हणाली. "इथे. थोडंसं."

"इथे?" म्हणत धाकू खाली वाकला, आणि तिने दाखवलं तिथे नीट बघू लागला.

तात्पर्य: झाकल्या जखमेवर भरवसा ठेवू नये, मग ती कितीही मायेने झाकलेली असो. रोज उघडून बघावं आणि दुखणाऱ्याने खरं सांगावं. दुखणं उतरत असेल तर धीर धरावा, चढत असेल तर वैद्याचं दार गाठावं.