जांभळीखालचा दरबार

राजा अमोघसेनाच्या पांढऱ्याशुभ्र अंगरख्यावर काळे ठिपके पडले, आणि दोष अर्थातच भिवरा परटिणीच्या माथी आला!

"हे धुणं की बोळकं पुसायचं फडकं?" राजा कडाडला.

"सरकार, मी तीनदा धुतला," भिवरा म्हणाली. "पण वाळत घातला की चुनाभट्ट्यांचा धूर त्यावर नक्षी काढतो. आमच्या अख्ख्या पेठेत तीच गत! लेकरं रात्रंदिवस खोकतात. भट्ट्या गावाबाहेर न्या."

भट्ट्या राजाच्याच होत्या. नव्या सज्ज्यासाठी चुना भाजत होत्या. वारा पश्चिमेचा, राजवाडा भट्ट्यांच्याही पश्चिमेला. त्यामुळे धूर कसा असतो हे राजाला फक्त ऐकून ठाऊक होतं.

प्रधान त्र्यंबकपंत पुढे सरसावले. "महाराज, हवेचं मोल मी पेठेत विचारून आलोय! जो तो म्हणाला, 'लाखमोलाची!' भट्ट्या हलवायला वर्गणी मागितली, तर सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली. फुकटची वस्तू ती, तिला कोण विचारतो!"

"ऐकलंस?" राजा भिवरेला म्हणाला. "चांगल्या हवेसाठी माणूस खरोखर काय सोडतो, ते आठ दिवसांत दाखव. तोंडी गप्पा नकोत! दाखवलंस तर भट्ट्या हलवीन. नाहीतर तुझा घाट दुसऱ्याला!"

घाट गेला म्हणजे चूल गेली. तरी भिवरा मान वर करून म्हणाली, "दाखवते. फक्त हवा काही गाठोड्यात बांधून आणता येत नाही. दरबारानं घाटावर यावं."

आठव्या दिवशी दरबार घाटावर भरला. भिवरेनं जाजम अंथरलं होतं, सिंहासन मधोमध. धुराचा लोट नेमका तिथंच उतरत होता. पन्नास पावलांवर जांभळीखाली मात्र हवा मोकळी होती. तिथं परटांची गाढवं उभी होती.

सिंहासनाच्या उजव्या हाताची जागा! तिच्यासाठी सेनापती आणि प्रधान बारा वर्षं एकमेकांशी धड बोलत नव्हते. आजही दोघांनी कोपरं मारत ती गाठली. त्र्यंबकपंत जिंकले.

"कर सुरू," राजा म्हणाला.

"थोडं थांबावं, सरकार."

थोड्या वेळानं सेनापतींना आपला घोडा बघावासा वाटला. घोडा जांभळीकडे बांधला होता, असं त्यांचं म्हणणं. राजवैद्यांना तिथंच एक दुर्मीळ मुळी दिसली. कविराजांना सावलीत एक ओळ सुचली, ती दुसरीची वाट बघत तिथंच थांबली. त्र्यंबकपंत डोळे पुसत तग धरून होते. शेवटी, "महाराज, ऊन फार लागतंय," म्हणाले आणि तेही गेले. आभाळ भरून आलेलं होतं!

राजा एकटा उरला. "अरे, माझा दरबार कुठं गेला?" तो ओरडला, आणि त्या ओरडण्यातच धूर घशात गेला. खोकत, ठेचकाळत तो उठला आणि थेट जांभळीखाली जाऊन उभा राहिला. एका गाढवानं त्याच्यासाठी थोडी जागा केली.

भिवरा हात जोडून पुढे आली.

"सरकार, मी कुणाला काही विचारलं नाही. सेनापतींनी मान सोडला. पंतांनी बारा वर्षांच्या भांडणाची जागा सोडली."

"त्यांचं सोड," राजा धापा टाकत म्हणाला, "ते दरबारी! मी राजा आहे. मी काय सोडलं?"

"आपण?" भिवरेनं धुरात बुडालेल्या रिकाम्या सिंहासनाकडे बोट दाखवलं. "आपण तर राज्यच सोडून गाढवाशेजारी आलात, महाराज! याहून मोठी वर्गणी आमच्या पेठेनं कुठून द्यायची?"

राजा इतका हसला, इतका हसला, की बिचकून गाढवं ओरडायला लागली!

महिन्याभरात भट्ट्या गावाच्या पूर्वेला, दोन कोस लांब माळावर गेल्या. त्यांची मोकळी झालेली जागा राजानं भिवरेला कपडे वाळवायला कायमची दिली, आणि पहिल्या दिवशी तिथं दोऱ्या बांधायचं काम त्र्यंबकपंतांवर सोपवलं.