शांतवन मास्तरांची अर्धी गोष्ट

डोंगरपायथ्याच्या एका गावात मार्थाबाई त्रिभुवन नावाची एक बाई राहत होती. तिला दोन मुलं, थोरली रूथ आणि धाकटा योएल. मुलं गावच्या शाळेत जात, तिथे गणित आणि भाषा शिकत. इतिहास मात्र मार्थाबाई घरी शिकवी. रोज दिवेलागणीला घरात प्रार्थना होई, पवित्र शास्त्रातला एखादा अध्याय वाचला जाई आणि मग त्याच चटईवर इतिहासाचा वर्ग भरे. "पुस्तकात राजे आहेत, लढाया आहेत," ती म्हणे, "पण देव साध्या माणसांकडून काय काय करवून घेतो, ते त्यात कुठे आहे? ते घरानेच सांगायला हवं." बोलणं काही चुकीचं नव्हतं.

तिच्या इतिहासात मोशे होता, दावीद होता, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून तिच्या सासरचे पूर्वज शांतवन मास्तरही बसले होते. मोशेपेक्षा मास्तरांना जरा जास्तच वेळ मिळे, हेही खरं.

शांतवन मास्तर म्हणजे मुलांच्या पणजोबांचे वडील. गावात अक्षरओळख कुणालाच नव्हती, त्या काळात त्यांनी चिंचेखाली पहिली शाळा भरवली. लोकांनी दगड मारले, मास्तर हटले नाहीत. पुढे गवताच्या छपराची खोली झाली. एका उन्हाळ्यात ती जळून गेली. मास्तरांनी ती पुन्हा उभी केली. एकदा तर लोकांनी निम्म्याहून जास्त मुलं शाळेतून काढून नेली, तरी मास्तर उरलेल्यांना शिकवत राहिले. हे सांगताना मार्थाबाईचा ऊर भरून येई. आमचे मास्तर, आमची शाळा, आमची चिंच! आपला तो बाब्या म्हणतात ना, तशातली गत. इतिहास सांगणाऱ्याला हा रोग फार लवकर जडतो.

आता त्या शाळेला शंभर वर्षं होत होती. शंभरीच्या कार्यक्रमात शाळेला शांतवन मास्तरांचं नाव द्यायचं, असं ग्रामसभेत ठरलं. पाटी रंगवून तयार झाली. आणि मास्तरांची गोष्ट सांगायला निवडलं कुणाला, तर रूथला! मार्थाबाईला आभाळ ठेंगणं झालं. तिने रोज संध्याकाळी रूथकडून भाषण घोटून घ्यायला सुरुवात केली.

शेजारी गुणाबाईचं घर होतं. तिच्या घरी पिढ्यानपिढ्या बांबूच्या टोपल्या विणल्या जात. तिची नात तानी रूथच्या वर्गात होती. एके संध्याकाळी तानी अभ्यासाला आली आणि प्रार्थनेलाही बसली. सगळे प्रभूची प्रार्थना म्हणू लागले. "हे आमच्या पित्या" असं तानीही म्हणाली. तसा योएल डोळे उघडून एकदम ओरडला, "तू नको म्हणू! 'आमच्या' आहे ते, 'आपल्या' नाही. आमच्या म्हणजे आमच्या!"

तानी उठली आणि निघून गेली.

मार्थाबाईला आधी हसू आलं. मग ते तिच्या तोंडावरच विरलं. पोराला हे 'आमच्या' कुणी शिकवलं? प्रार्थनेने नाही. तिच्याच इतिहासाच्या वर्गाने. ती योएलला जवळ घेऊन म्हणाली, "अरे वेड्या, 'आपल्या' म्हटलं की ज्याच्याशी बोलतो, तोही त्यात आला. देव काय स्वतःलाच बाप म्हणणार? म्हणून 'आमच्या' म्हणायचं. त्या 'आमच्या'तून बाहेर एकच जण आहे, तो स्वतः. बाकी सगळं जग आत."

"तानीपण?"

"तानी सगळ्यात आधी. जा, बोलावून आण तिला."

योएल धावत गेला. पण रूथ विचारात पडली होती. तिने विचारलं, "आई, मग तानीच्या घरचं कुणी मास्तरांच्या शाळेत होतं का? आपल्या गोष्टीत त्यांचं नावच नाही."

"नसेल कुणी," मार्थाबाई घाईने म्हणाली आणि तिने कंदिलाची वात उगाचच वर केली.

ती खोटं बोलली होती. गोष्टीतला एक भाग तिला पक्का ठाऊक होता. सासऱ्यांनी अखेरच्या आजारात तो सांगितला होता आणि वर बजावलं होतं, की हे मुलांच्या कानावर घालू नकोस. टोपल्या विणणाऱ्यांचा म्हसू नावाचा मुलगा शाळेत आला, तेव्हा मास्तरांनी त्याला आत घेतलं नव्हतं. त्याच्या जातीचा मुलगा आत बसला तर बाकीचे आपली मुलं काढतील, ही भीती. म्हणून देवापुढे सगळी माणसं सारखी असं शिकवणाऱ्या मास्तरांनी त्याला उंबऱ्याबाहेर, उन्हात बसवलं. म्हसू म्हणजे गुणाबाईचा सासरा.

दुसऱ्या दिवशीचा अध्याय पेत्राचा निघाला. तो मार्थाबाईने ठरवून काढला नव्हता, ओळीनेच आला होता. प्रभूला धरून नेलं आणि पेत्र शेकोटीपाशी बसून 'मी त्याला ओळखत नाही' असं तीन वेळा म्हणाला. मग कोंबडा आरवला आणि पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला. रूथ म्हणाली, "आई, पेत्र एवढा मोठा झाला पुढे. मग त्याने ही गोष्ट लिहू कशी दिली? तो गप्प बसला असता, तर कोंबडा थोडाच सांगायला जाणार होता?"

मार्थाबाईला आपलं कालचं खोटं आठवलं. पेत्राने मनात आणलं असतं तर ती गोष्ट त्या शेकोटीतच जळून गेली असती. पण त्याने ती जगाला सांगितली. म्हणून तर प्रभूने त्याला कसं पुन्हा उचलून धरलं, हेही जगाला कळलं.

तिने तो विषय नवऱ्याकडे काढला. शमुवेल भला माणूस, पण तो एकदम चपापला. "अगं, पाटीवर नाव चढायच्या दिवशीच हे सांगायचं? लोक म्हणतील, असल्या माणसाचं नाव कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची, मार्था!"

"अहो, मूठ झाकता येईल," मार्थाबाई म्हणाली, "पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? आणि मी पोरांना देवाच्या नावाने इतिहास शिकवते. त्यात मीच खाडाखोड करायची, मग देवाचं नाव कशाला घ्यायचं?"

तिने दोन्ही मुलांना समोर बसवून सगळं सांगितलं. काल खोटं बोलले, हेही सांगितलं. तिला वाटलं होतं, मुलांच्या मनातून मास्तर उतरतील. रूथने आपल्या भाषणाचा कागद पुढे ओढला. मग म्हणाली, "आई, हे मी त्या दिवशी सांगणार. पण आधी गुणाआजीला विचारायला हवं. तो मुलगा त्यांचा होता." पोरीला आईपेक्षा रीत जास्त कळत होती.

मार्थाबाई गुणाबाईच्या दारात गेली तेव्हा म्हातारी बांबूच्या कामट्या सोलत होती. मार्थाबाईने अडखळत सगळं सांगितलं. गुणाबाईने ऐकून घेतलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"ठावं हाय आमाला," ती म्हणाली. "तुजी पोरगी बोलू दे आधी. म्या येते त्या दिशी. मंग बघू." आणि तिने पुन्हा कोयती हातात घेतली.

त्या 'मंग बघू'ने मार्थाबाईची झोप उडवली. म्हातारी भर सभेत काय काय बोलेल? पाटी उतरवा म्हणाली तर? तसं म्हणायचा तिला हक्कच होता. घराण्याचं नाव चढायच्या आत धुळीला मिळणार, असं मार्थाबाईला वाटू लागलं. तरी तिने रूथला एक अक्षरही बदलायला सांगितलं नाही.

शंभरीचा दिवस उजाडला. शाळेपुढे मांडव पडला. मास्तरांच्या फोटोला हार घातला होता आणि कापडाने झाकलेली पाटी दारावर टांगली होती. झाडून सारा गाव लोटला. गुणाबाई पुढच्याच रांगेत येऊन बसली.

रूथ उभी राहिली. चिंचेखालची शाळा, दगड, आग हे सगळं तिने सांगितलं. लोक माना डोलावत होते. मग तिने आईकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "पण शांतवन मास्तर एकदा चुकले. म्हसू नावाचा मुलगा शिकायला आला आणि मास्तरांनी त्याला बाहेर उन्हात बसवलं. मास्तर घाबरले होते. आमच्या घराने ही गोष्ट आजपर्यंत लपवली. ती चूक मास्तरांची, आणि ती लपवली ही चूक आमची. गुणाआजी, आम्हाला क्षमा करा."

डोलणाऱ्या माना थांबल्या. सरपंचांनी पाटीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मार्थाबाईने डोळे मिटून घेतले. आता काय व्हायचं ते होवो.

गुणाबाई काठी टेकत उठली. "पोरी," ती म्हणाली, "तू सांगितलीस ती अर्धी गोष्ट. ऱ्हायलेली अर्धी आमच्या घरात हाय. आता ऐक."

मग ती सगळ्यांकडे वळून बोलू लागली. "शाळा जळाली तवा छपराला बांबू कुणी दिला? म्हसूच्या बापानं. त्यानंच छप्पर बांधलं. शेवटची गाठ मारली आन् दुसऱ्या दिशी मास्तर आमच्या खोपटापुढं आले. आत या म्हणलं तर येईनात. भर उन्हात मातीत बसले. म्हणाले, तुज्या पोराला म्या बसवलं तसं मला बी बसू दे. उठंचनात! शेवटी म्हसूच पाणी घेऊन ग्येला. म्हणला, मास्तर, आत या. तवा मास्तर रडले आन् आत आले. दुसऱ्या दिशी त्यांनी म्हसूचा हात धरून त्याला पैल्या रांगेत बसवलं. त्या दिशी लोकांनी आपली पोरं शाळेतून काढली. का काढली, ते तुमच्या गोष्टीत न्हाई. ते आमच्यात हाय."

मार्थाबाई एकदम उठून उभी राहिली. मास्तरांनी क्षमा मागितली होती! ज्या भीतीने त्यांनी मुलाला बाहेर ठेवलं, तीच भीती पत्करून त्यांनी त्याला आत घेतलं होतं. मास्तरांनी ते घरी कधी सांगितलं नसावं. आपल्या चांगुलपणाची दवंडी पिटणारा तो माणूस नव्हता.

"मावशी," तिने पुढे होत विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही का बोलला नाहीत?"

"बये, मास्तरांनी मान खाली घातली हे सांगायचं, तर कशापायी घातली ते बी सांगावं लागलं असतं. तुमी ते झाकून ठिवलं व्हतं. तुमच्या घरची अब्रू म्या कशी चव्हाट्यावर आणू? म्हसूला दोन अक्षरं त्याच माणसानं शिकवली व्हती."

सरपंच भानावर आले. "मग गुणाबाई, या पाटीचं काय करायचं? तुम्हीच सांगा."

"काय करायचं म्हंजी? लावा की! आत्तापतोर फोटोचं नाव लागणार व्हतं. आता माणसाचं लागंल."

मांडवात टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की चिंचेवरचे पोपट उडाले. शमुवेल तर उपरण्याने डोळे पुसत सगळ्यांच्या आधी उभा राहिला होता. पाटीवरचं कापड ओढायचा मान सरपंचांनी गुणाबाईला दिला. मार्थाबाईच्या आनंदाला पारावार उरला नाही. तिने सगळ्यांदेखत म्हातारीला मिठी मारली. जे नाव जाईल म्हणून ती भीत होती, ते आज दुपटीने उजळलं होतं, आणि ते उजळवलं होतं शेजारच्या घराने.

पुढच्या आठवड्यापासून मार्थाबाईच्या घरी इतिहासाच्या वर्गाला चटई पुरेनाशी झाली. तानीसकट गावातली दहा घरची मुलं येऊ लागली. दर शनिवारी धडा गुणाबाई घेई. तिला लिहिता येत नसे, पण सांगताना ती कुणालाच सोडत नसे, आपल्यांनाही नाही.

तात्पर्य: मुलांना आपल्या माणसांचा इतिहास शिकवताना त्यांच्या चुका गाळू नयेत; चूक लपवली की तिच्यासोबत क्षमेची गोष्टही लपते, आणि देवाची करुणा तर त्याच गोष्टीत असते.